मशीन पाणी घेत नाही? आधी कान लावा

आमच्या नात्यागोत्यात कुणाचंही वॉशिंग मशीन अडलं की फोन मला येतो. कारण काय, तर मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक आहे, आणि माझ्या पर्समध्ये मल्टीमीटर (व्होल्टेज, रोध वगैरे मोजायचं यंत्र) असतोच अशी सगळ्यांची पक्की समजूत आहे. (असतो. पण दर वेळी नाही.) सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार म्हणजे, "अगं, सगळं चालू होतंय, पण पाणीच घेत नाहीये."

यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला: आवाज येतोय का?

मशीन चालू करा, दाराच्या लॉकचा खट्ट आवाज होऊ द्या आणि मग मागच्या बाजूला, जिथे पाण्याचा पाइप जोडलेला असतो त्या कोपऱ्याशी कान न्या. बारीक घूं... असा आवाज येत असेल तर समजायचं की बोर्डाने (मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटने, म्हणजे पीसीबीने) आपलं काम केलंय. पाण्याच्या वॉल्व्हच्या कॉइलला वीज मिळतेय, ती थरथरतेय, पाण्याला वाट द्यायला बसलीय. पाणीच येत नाहीये. म्हणजे दोष पाण्याच्या बाजूला. नळ, पाइप, जाळी, टाकी, फार तर वॉल्व्ह. आणि कोपऱ्यात अगदी शांतता असेल तर दोष विजेच्या बाजूला: दाराचं लॉक, पाण्याची पातळी ओळखणारा स्विच, वायर, कॉइल किंवा बोर्ड. एवढ्या एका गोष्टीने निम्मं काम होतं, आणि तेही मशीनचा एक स्क्रू न उघडता. मात्र कान लावताना मिक्सर, कुकर आणि टीव्ही बंद हवेत. आमच्याकडे ही अट पुरी होणं हेच अवघड.

पडद्यावर काही कोड येत असेल तर तो लिहून ठेवावा. एलजीच्या मशीनवर आयई, सॅमसंगवर ४ई किंवा ४सी, असं प्रत्येकाचं आपलं. अर्थ मात्र सगळ्यांचा साधारण एकच असतो: ठरलेल्या मिनिटांत पाणी हव्या त्या पातळीला पोचलं नाही. का पोचलं नाही, ते मशीनला माहीत नसतं. लोकांना वाटतं कोड म्हणजे निदान. तो निदान नसतो, नुसतं लक्षण असतो.

आता आमच्या घरचीच गोष्ट सांगते, कारण फोनवर सांगून भागत नाही अशा बऱ्याच गोष्टी तिच्यात आहेत.

आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो. खाली दोन खोल्यांचं जुनं बांधकाम आणि गेल्या वर्षी त्यावर चढवलेला मजला. इथे नळाला पाणी रोज येत नाही हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. पाणी येतं त्या दिवशी आधी खालचा हौद भरायचा, मोटर लावून वरची टाकी भरायची, मग पिंपं, मग बादल्या, मग उरलेलं पाणी कुंड्यांना. नंतरचे दिवस त्या साठ्यावर काढायचे. त्यामुळे आमच्या घरात वारांपेक्षा "पाण्याचा दिवस" आणि "बाकीचे दिवस" हीच खरी मोजणी.

वरचा मजला झाल्यावर मशीन वर गॅलरीत नेलं. वाळत घालायच्या दोऱ्या तिथेच, त्यामुळे जिना चढायला नको, हा विचार. सात किलोचं, समोरून उघडणारं. सुरुवातीला ठीक चाललं. मग कधी चालायचं, कधी पाणी घेता घेता थांबायचं आणि टिटिटी करत कोड दाखवायचं. पुन्हा लावलं की कधी चालायचं, कधी नाही. आमच्या "ह्यांनी" कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. माणूस आला, मशीन लावलं, आणि मशीनने अगदी शहाण्यासारखं पाणी घेतलं. "मॅडम, चालतंय की," म्हणाला आणि भेटीचे पैसे घेऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मशीन खरंच अडलेलं होतं. पाच मिनिटं पाहून म्हणाला, "वॉल्व्ह किंवा पीसीबी. आधी पीसीबी बदलून बघू." बोर्डाची किंमत ऐकून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून म्हणाल्या, "एवढ्यात तर धुण्याला बाई लागंल वर्षभर."

आणि लगेच पुढे म्हणाल्या, "मेलं पाण्याच्या दिवशी बरोबर चालतंय. टाकी खाली जायला लागली की ह्याचे नखरे सुरू."

सेवा केंद्राच्या माणसाने ते ऐकलंच नाही. मी ऐकलं. तो पहिल्यांदा आला होता तो पाण्याचा दिवस होता, दुसऱ्यांदा आला तेव्हा टाकीने तळ गाठत आणलेला. एवढा मोठा पुरावा समोर असताना पीसीबी बदलायची काही गरज नव्हती. तरी त्याच्यासमोरच एक चाचणी करून घेतली. साबणाचा कप्पा उघडून त्यातून हळूहळू अर्धी बादली पाणी आत ओतलं. मशीनने पातळी ओळखली, ड्रम फिरायला लागला. म्हणजे बोर्ड शाबूत, मोटर शाबूत, पातळीचा स्विच शाबूत. अडचण फक्त पाणी आत येण्याच्या वाटेवर. ही चाचणी कुणालाही करता येते. फक्त पाणी हळू ओता, नाहीतर कप्प्यातून पायावर येतं.

तो गेल्यावर मी कपाटातून मोजायचा टेप काढला. पाण्याचा दाब मोजायला गेज लागतं असं वाटतं, पण वरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला टेप पुरतो. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ म्हणजे जवळजवळ एक बार दाब. एक मीटर म्हणजे एक दशांश बार. मशीनमागच्या वॉल्व्हपासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंतची उभी उंची मोजायची, बस्स. पाइप किती वळणं घेत येतो, किती लांब आहे, ते पाणी थांबलेलं असताना मोजायचं नाही. वाहायला लागलं की मात्र प्रत्येक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, थोडा थोडा दाब खातो.

आमचा हिशेब असा निघाला. वॉल्व्हपासून स्लॅबच्या वरच्या बाजूपर्यंत सात फूट. टाकी विटांच्या दोन थरांवर ठेवलेली, तो एक फूट धरू. टाकीत काठोकाठ पाणी असेल तर आणखी साडेतीन फूट. म्हणजे टाकी भरलेली असताना साडेअकरा फूट, ०.३५ बार. टाकी तळाला गेल्यावर आठ फूट, ०.२४ बार. आणि मशीनच्या माहितीपुस्तिकेत, वॉरंटीच्या पानामागे, बारीक अक्षरात लिहिलेलं: किमान दाब ०.३ बार. म्हणजे टाकी अर्ध्याच्या खाली गेली की आमचं मशीन कागदोपत्रीसुद्धा चालायला बांधील नव्हतं. आईंचं निरीक्षण आणि पुस्तिकेतला आकडा तंतोतंत जुळले.

पूर्वी ही टाकी जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर होती, मशीन खाली होतं, त्यामुळे कधी प्रश्न आला नव्हता. वरचा मजला बांधताना मिस्त्रीने टाकी नव्या स्लॅबवर बसवली, आणि मशीन तिच्या बरोबर खाली आलं. बऱ्याच घरांत आणि सोसायट्यांच्या वरच्या मजल्यांवर हेच होतं. माझी नणंद डोंबिवलीला सातव्या मजल्यावर राहते, वर फक्त गच्ची. तिला वाटायचं, टाकी इतकी जवळ आहे म्हणजे पाणी जोरात यायला हवं. उलट आहे. तिच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात जोरात पाणी पहिल्या मजल्याला, आणि सगळ्यात रडकं तिला. टाकी हजार लिटरची की पाच हजारांची, याचाही दाबाशी संबंध नाही. दाब उंचीचा असतो, साठ्याचा नाही. गच्चीवर भली मोठी पसरट टाकी बसवून घेतलेल्या लोकांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात.

"पण नळाला धार तर चांगली जाड येते!" हा पुढचा आक्षेप. येते. उघड्या नळाला काहीच अडथळा नसतो, त्यामुळे कमी दाबालाही बादली भरते. धार जाड दिसणं आणि तिच्यात जोर असणं या दोन वेगळ्या गोष्टी. एक सोपी परीक्षा सांगते: पाइप काढून नळाच्या तोंडावर अंगठा ठेवा आणि नळ पूर्ण उघडा. अर्ध्या इंची नळाला पाव बार दाब असेल तर अंगठ्यावर जेमतेम तीनशे ग्रॅमचा रेटा येतो, पाणी आरामात थांबतं. एक बार असेल तर सव्वा किलोचा रेटा येतो, बोटाच्या कडेने फवारे उडतात आणि साडी भिजते. साडी कोरडी राहिली तर मशीनला दोष देऊ नका.

मशीनला एवढा दाब लागतो तरी कशाला? त्यासाठी तो वॉल्व्ह आतून बघायला हवा. आमच्या भंगारवाल्याकडून मी एक जुना आणला आणि लॅबच्या टेबलावर उघडला. (मुलांना दाखवायला म्हणून, खरं तर मलाच बघायचा होता.) बाहेरून पांढरं प्लास्टिक, त्यावर तांब्याच्या तारेची कॉइल. कॉइलच्या पोटात एक लोखंडी खिळ्यासारखा दांडा, स्प्रिंगने खाली दाबलेला. त्याच्याखाली काळ्या रबराचा गोल पडदा. पडद्याच्या बरोबर मध्यभागी एक छिद्र, जे दांड्याच्या टोकाने बंद होतं, आणि कडेला दुसरं छिद्र, सुईच्या टोकाएवढं. एरवी कडेच्या छिद्रातून पाणी पडद्याच्या वर जाऊन बसतं आणि आपल्याच दाबाने पडदा खाली घट्ट धरतं. कॉइलला वीज मिळाली की दांडा वर उचलला जातो, मधलं छिद्र मोकळं होतं, वरचं पाणी निसटतं, आणि खालचं पाणी पडद्याला वर ढकलून वाट करून घेतं. म्हणजे कॉइल दरवाजा उघडत नाही, ती फक्त कडी काढते. दरवाजा ढकलायचं काम पाण्याचं. पाण्यात ढकलण्याएवढा जोर नसेल तर कॉइल घूं घूं करत बसते आणि आत नुसतं ठिबकतं.

ते सुईएवढं छिद्रही महत्त्वाचं आहे. क्षारांनी किंवा मातीच्या कणाने ते बुजलं, तर पडद्याच्या वर पाणी नीट पोचत नाही, आणि मग उलटा घोटाळा होतो: वॉल्व्ह बंदच होत नाही. मशीनचा प्लग काढलेला असूनही ड्रममध्ये पाणी भरत राहिलं तर तो वॉल्व्ह उघडाच अडकलाय. अशा वेळी आधी नळ बंद करा, बाकी सगळं नंतर.

या वॉल्व्हच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. जगातल्या "मशीन पाणी घेत नाही" या तक्रारींपैकी किती तरी त्या जाळीपाशीच संपतात. आमच्याकडेही उंचीच्या जोडीला जाळीचा वाटा होताच. आधीच ०.२४ बार, त्यात जाळी अर्धी बुजलेली.

जाळी काढायची रीत साधी आहे, पण क्रम चुकवू नका. प्लग काढा. नळ बंद करा. खाली फरशीपुसं अंथरा, कारण पाइपात पेलाभर पाणी अडकलेलं असतं आणि ते नेमकं प्लगच्या दिशेने जातं. मशीनच्या बाजूची प्लास्टिकची चाकी हाताने डावीकडे फिरवा. पक्कड लावावीच लागली तर कापड गुंडाळून, कारण ती चाकी आणि खालची वॉल्व्हची आटी दोन्ही प्लास्टिकच्या. पाइप निघाला की आत टोपीसारखी जाळी दिसते, मधोमध एक छोटं बोंड. लांब तोंडाच्या पकडीने ते बोंड धरून सरळ बाहेर ओढा. पिळू नका, तुटतं.

आमची जाळी बाहेर आली तेव्हा ती जाळी आहे हे ओळखू येत नव्हतं. वर मऊ, तपकिरी गाळाचा थर. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा टाकीच्या तळाला जो साचतो तोच. नखाने तो खरवडला तर खाली पांढरा, कडक थर, हा बोअरच्या पाण्याचा. पाणी लांबलं की आम्ही टाकीत बोअरचं पाणी मिसळतो. आणि या दोन थरांत रुतून बसलेले ऐवज: प्लंबरने वरच्या मजल्याची लाइन जोडताना गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचा एक धागा, पाइप करवतीने कापताना पडलेला पीव्हीसीचा कीस, आणि मोहरीएवढा एक शंख. पूर्ण शंख, वेटोळ्यासकट. टाकीचं झाकण तडकलेलं आहे हे त्या शंखाने आम्हाला कळवलं.

गाळ जुन्या टूथब्रशने निघतो. पांढरा थर ब्रशने निघत नाही. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून त्यात जाळी अर्धा तास ठेवा. बारीक बुडबुडे येतात, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट विरघळतंय. मग उजेडासमोर धरून बघा, प्रत्येक भोक मोकळं दिसलं पाहिजे. पाइपाच्या नळाकडच्या टोकालाही कधी कधी दुसरी जाळी असते, तिच्याकडे कुणी बघतच नाही. आणि कुणी कितीही सांगितलं तरी जाळी कायमची काढून टाकू नका. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या प्लंबरने "हीच तर अडवते" म्हणून ती फेकून दिली. महिनाभर मशीन झकास चाललं, नंतर कण थेट पडद्यापर्यंत गेले आणि वॉल्व्हच बदलावा लागला.

मशीनच्या आधी एक मोठा फिल्टर लावून घ्या, असा सल्ला दुकानदार हमखास देतो. जिथे दाब भरपूर आणि पाणी गढूळ, तिथे लावा. जिथे दाबाचीच बोंब, तिथे आणखी एक गाळणी लावणं म्हणजे दुखण्यात भर.

जाळी साफ झाल्यावर आमचं मशीन टाकीत निम्मं पाणी असेपर्यंत चालायला लागलं. त्याच्या खाली नाही. उरलेला प्रश्न उंचीचा, आणि त्याला तीन उत्तरं होती. टाकी लोखंडी स्टँडवर उचलायची. पण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, ते चार पायांवर नव्या स्लॅबवर कुठेही ठेवता येत नाही, खाली कॉलम किंवा बीम हवा, इंजिनियरला विचारायला हवं. दुसरं, छोटा प्रेशर पंप. नळ उघडला की आपोआप चालू, बंद केला की बंद. नणंदेने तो बसवला आणि तिचं काम झालं. पण तो टाकीतून येणाऱ्या लाइनवरच बसवायचा. नळाच्या सार्वजनिक लाइनला थेट मोटर लावून पाणी ओढणं नियमात बसत नाही, आणि शेजाऱ्यांचं पाणी तुटतं ते वेगळंच. शिवाय वीज गेली की पंप बंद, आणि टाकीत पाणी नसताना चालला तर जळायची भीती. तिसरं उत्तर म्हणजे मशीन खाली आणायचं. कमी दाबावर पाणी घेतात अशा जाहिरातीची मशीनंही मिळतात, पण आमचं चांगलं चालतं मशीन विकून ते घ्यायचं कारण नव्हतं.

आम्ही मशीन खाली आणलं, मोरीशेजारी. खालच्या मजल्यामुळे साडेदहा फूट उंची आयती मिळाली. टाकी तळाला असली तरी अर्ध्या बारच्या वर. आई आठ दिवस धुसफुसत होत्या, कारण मशीनने त्यांच्या भांडी घासायच्या पाटाची जागा घेतली. ओले कपडे मात्र जिन्यावरून वर न्यावे लागतात. तो मान आता ह्यांचा.

विजेच्या बाजूबद्दल थोडक्यात, कारण तिथे घरी करण्यासारखं कमीच आहे. घूं आवाज येत नसेल तर आधी दार. समोरच्या दाराच्या मशीनमध्ये दार लॉक झाल्याची खात्री पटल्याशिवाय बोर्ड पाणी सोडतच नाही. दाराच्या रबरात मोज्याचं टोक अडकलेलं असतं, किंवा दाराची कडी झिजलेली असते. मग बघा, उशिरा सुरू करायचं बटण कुणी दाबून ठेवलंय का. लहान मुलं असलेल्या घरात ही शक्यता फार मोठी. नंतर पातळीचा स्विच. ड्रमच्या तळाशी एका डबीतून बारीक रबरी नळी वर या स्विचपर्यंत जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दबते आणि स्विचला कळतं की आता पुरे. साबणाच्या चिखलाने ती डबी बुजली आणि हवा आतच कोंडली, तर रिकाम्या मशीनलाही आपण भरलेले आहोत असंच वाटत राहतं आणि ते पाणी मागतच नाही. ती नळी काढून साफ करणं हे जाणत्या मेकॅनिकचं काम, पण त्याला "आधी प्रेशर स्विचची नळी बघ" एवढं सांगितलं तरी बोर्डाचा खर्च वाचू शकतो.

कॉइल तपासायची असेल आणि मल्टीमीटर हाताळायची सवय असेल, तर प्लग काढून, वॉल्व्हच्या दोन्ही वायर सुट्या करून रोध मोजा. २३० व्होल्टच्या कॉइलचा रोध साधारण साडेतीन ते साडेचार हजार ओहम येतो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल जळाली. चालू मशीनमध्ये व्होल्टेज मोजायचा उद्योग मात्र घरी करू नका. पाणी आणि २३० व्होल्ट एका कोपऱ्यात असतात, आणि मीही ते घरी करत नाही.

धुताना पाणी येत नाही पण विसळताना येतं, अशीही तक्रार असते. ती ऐकायला विचित्र, निदानाला सोपी. एकाच वॉल्व्हवर दोन-तीन कॉइली असतात, साबणाच्या कप्प्याच्या वेगवेगळ्या खणांना पाणी सोडणाऱ्या. त्यातली एकच गेलेली असते. गरम आणि गार असे दोन पाइप घेणाऱ्या मशीनला गरमची लाइन जोडलेलीच नसेल आणि कुणी "गरम" निवडलं, तर ते बिचारं न येणाऱ्या पाण्याची वाट बघत बसतं. आणि भुसावळच्या मावसबहिणीने एकदा रात्री नऊला फोन केला होता की, "वॉल्व्ह गेलाय बहुतेक." तिचं मशीन दोन टबांचं, अर्धस्वयंचलित. त्यात असा वॉल्व्हच नसतो. नळाची तोटी फिरत होती, आतला वायसर तुटून बसला होता.

एक प्रकार असाही, जिथे पाणी येतं, पण राहत नाही. घाण पाणी बाहेर जाणारा पाइप जमिनीवर टाकलेला असेल, किंवा मोरीच्या तोंडात खोल खुपसलेला असेल, तर पाणी भरता भरताच वक्रनलिकेसारखं (सायफनसारखं) ओढलं जाऊन वाहून जातं. मशीन भरत राहतं, वाहत राहतं आणि शेवटी "पाणी मिळत नाही" म्हणून थांबतं. या पाइपाचं तोंड जमिनीपासून दोन-तीन फूट उंच अडकवायचं असतं. मशीन भरताना मोरीत पाणी पडताना दिसलं तर समजा हेच. आमच्या नव्या जागी पहिल्याच दिवशी हे झालं, कारण मशीन उचलून आणणाऱ्या पोराने पाइप मोरीत सोडून दिला होता. भिंतीला खिळा ठोकला, पाइप अडकवला, प्रश्न मिटला.

पाइप परत बसवताना आतला रबरी वायसर जागेवर आहे ना ते बघा. जाळी साफ करताना तो हमखास घरंगळून कुठेतरी जातो. चाकी हाताने घट्ट होईल तेवढीच आवळा. मग नळ आधी पाव उघडा, पाइपातली हवा फसफसत निघून जाऊ द्या, नंतर पूर्ण. आणि पहिलं धुणं होईपर्यंत जोडाच्या खाली जुन्या वर्तमानपत्राचं एक पान ठेवा. ठिबकत असेल तर कागदावर लगेच डाग दिसतो, फरशीवर दिसत नाही.